अंबूची ओरल कोणी दिली?

दुपारी हातातलं काम संपलं की मी मोबाईलवर लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचते. सावकाश वाचते, कारण माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. रस्त्यावर दिसलेली बाई, कुलूपबंद खोलीतला आवाज... वाचायला बरं वाटतं, पण विश्वास कधी बसला नाही. मैंदर्गीला आमच्या शेजारच्या बाईच्या अंगात यायचं. सगळे हात जोडून उभे असायचे आणि मी मागं उभी राहून बघायचे, की एवढी घुमते तरी हिच्या पायातली जोडवी निसटत कशी नाहीत. असा माझा स्वभाव. देवाला नमस्कार करते, त्यापलीकडे काही नाही.

हे मी कुठं पाठवेन असं वाटत नाही. अंबूच्या जुन्या जर्नलची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. पण कुणीतरी समोर बसून ऐकतंय असं धरूनच मला लिहिता येतं, म्हणून तसं लिहिते.

आम्ही सोलापूरला भवानी पेठेत राहतो. दोन खोल्या, वरचा मजला. खाली पॉवरलूम चालतात, त्यामुळे आमच्या वाड्यात सगळे मोठ्यानं बोलतात. मी सोडून. अंबूचे वडील टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. मी घरी बसून टॉवेलच्या दशांना, कडेच्या सुट्या दोऱ्यांना, गाठी मारते. मूळचे आम्ही मैंदर्गीचे, मेंढरंवाले. माझे थोरले दीर आता वळसंगला असतात, त्यांनी मेंढरं सोडली नाहीत. घरात शेवटचा शब्द त्यांचाच.

अंबू म्हणजे अंबिका, आमची एकुलती एक. सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. आमच्या भावकीत मुलगी तर राहू दे, मुलगाही तिथपर्यंत गेला नव्हता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. शहराबाहेर आहे, सिटी बसनं जावं लागतं, एवढं पुरे.

खरं सांगायचं तर ते कॉलेज तिच्याइतकंच मीही शिकले. संध्याकाळी ती आली की बॅग टाकायची, माझ्यासमोर बसायची आणि शेंगाची चटणी बोटानं चाटत दिवसभराचं सांगायची. ड्रॉइंगची शीट एकानं काढायची आणि बाकीच्यांनी काचेवर ठेवून, खालून उजेड पाडून तशीच्या तशी उतरवायची. त्या कामासाठी आमच्या खिडकीची काच दोनदा निघाली. सर्व्हेला उन्हात तीन पायांचं यंत्र घेऊन फिरायचं, आणि आकडे जुळले नाहीत की झाडाखाली बसून जुळवायचे. त्याला रीडिंग शिजवणं म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "तितं जाऊनबी शेवटी शिजवायचंच का?" तर ती हसून आडवी पडली.

तिची मैत्रीण सना, विजापूर वेशीतली, तिच्याबरोबर यायची. वर्गात हजेरी चालू असताना न आलेल्या मैत्रिणीच्या जागी दुसरीनं 'प्रेझेंट सर' म्हणायचं, याला प्रॉक्सी म्हणतात. सना चार मुलींचे चार आवाज काढायची. आमच्या घरी येऊनही करून दाखवायची.

"काकू, अब तुमचा आवाज काढू?"

"माझा कुटं आवाज हाय?" मी म्हटलं.

"वोइच तो मुश्किल हय ना!" ती म्हणाली.

अंबूचे वडील चहा पिता पिता ऐकायचे. "पोरगी शिकायला जातीया का जत्रंला?"

"दोनीबी, अप्पा."

असे ते दिवस होते. मी एकदाच कॉलेजला गेले होते, पालकांची मीटिंग होती तेव्हा. दारापर्यंत गेले. आत बायका खुर्च्यांवर बसलेल्या, एक मॅडम माईकवर बोलत होत्या. मी बाहेर लिंबाच्या झाडाखाली तासभर बसले आणि परत आले. अंबूला सांगितलं, छान झाली मीटिंग. तिला कळलं असणार.

पहिल्या वर्षी तिचा गणिताचा एक पेपर राहिला. थोरले दीर वळसंगहून आले, खाटेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "एक राहिला, ठीक हाय. आता दुसरा राहिला की पोरगी घरी. अक्कलकोटचं स्थळ माझ्या शब्दावर थांबलंय."

"व्हय दादा," अंबूचे वडील म्हणाले. एवढंच.

अंबूनं तो पेपर नंतर काढला. पण दिरांचा शब्द तसाच राहिला. ते मला माहीत होतं, तिलाही. दुसऱ्या वर्षी तिनं काच काढायला लावली नाही, सगळ्या शीट स्वतः काढल्या.

तो बुधवार होता, थंडीचे दिवस. अकरा वाजल्यापासून तिची ओरल होती. ओरल म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरच्या कॉलेजचे सर येतात, रोल नंबरप्रमाणे एकेकाला आत बोलावतात आणि समोर बसवून विचारतात. त्या दिवशी हजर नसलं तर त्या विषयात नापास. अंबूचे वडील मेंढरं कातरायची म्हणून दोन दिवस वळसंगला गेले होते. अंबूला आदल्या दिवसापासून कणकण होती, पण ती मला हात लावू देत नव्हती. सकाळी सातला वेणी घालून, बॅग घेऊन निघाली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. बसली ती कलंडलीच.

खालच्या लूमवरच्या माणसांनी उचलून तिला रिक्षात घातलं. पेठेतच एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तीन खाटांचा. डॉक्टर म्हणाले, "एकशे चार ताप आहे. डेंग्यू वाटतोय. सलाईन लावतो, रक्त पाठवतो. संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही."

साहेब, हिची परीक्षा आहे, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिथंच राहिलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. कॉलेजला कळवायचं काम माझं होतं. दुसरं कोणी नव्हतं. अंबूचा मोबाईल माझ्याजवळ होता. तो उघडायला तिचं बोट लागतं आणि तिचा हात तर माझ्या हातातच होता. पण उघडून पुढं काय? कोणाला लावायचा, उचलल्यावर कोणत्या शब्दांत बोलायचं, ते इंग्रजीत बोलले तर... मी मनात ठरवलं की अंबू दिसली नाही की सना फोन करील. मग तिला सांगू. ती सरांना सांगेल. म्हणून मोबाईल मांडीवर घेऊन बसले.

अकरा वाजले. साडेअकरा. बारा. फोन वाजला नाही. मला सनाचा राग आला. एवढी घरी येऊन जेवते आणि मैत्रीण परीक्षेला आली नाही तर विचारतसुद्धा नाही!

नर्सबाई तेलुगू होत्या, पन्नाशीच्या. त्या मध्येच येऊन बाटली बघून जायच्या. म्हणाल्या, "गप्प नका बसू. बोलत राहा पोरीशी. ऐकू जातंय."

काय बोलायचं? मी अंबूची बॅग उघडली आणि तिची जर्नल काढली. सगळं इंग्रजी. चित्रं तेवढी कळत होती. एका पानावर एक लांब आडवी रेघ, तिच्या दोन टोकांखाली दोन त्रिकोण, वरून बाण, आणि खाली झोळीसारखी लोंबलेली एक वाकडी रेघ. ते बघून मला मैंदर्गीचं आमचं अंगण आठवलं. मग मी तिला तेच सांगायला लागले. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं. माझी सासू अंबूच्या जन्माआधीच गेली, ते घरही नंतर पडलं, आणि ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. अंगणात दोन मेढी रोवलेल्या, म्हणजे वर बेचकी असलेले लाकडी खांब, आणि त्यांवर आडवी काठी. धुतलेल्या घोंगड्या त्यावर वाळत घालायच्या. ओली घोंगडी किती जड असते ते उचलणाऱ्यालाच माहीत. मी नवी नवरी, मला वाटलं मधोमध टाकावी, वारा चांगला लागेल. टाकली आणि काठी कडकन मोडली. सासूनं शिवी दिली नाही. दुसरी काठी आणली आणि म्हणाली, "जड आसंल ते मेढीच्या अंगाला टाकायचं. हलकं मधी. मधी काठीचा जीव थोडा असतोय."

हे मी अंबूला सांगितलं. एकदा सांगून झालं, मग परत सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. नर्सबाई तेव्हा खिडकीपाशी बसून डबा खात होत्या. अंबूचे ओठ हलत होते. मला वाटलं पाणी मागते आहे. मी कापसानं ओठ ओले केले. ओठ हलायचे थांबले नाहीत.

पाच वाजता तिनं डोळे उघडले. "अव्वा, किती वाजले?"

मी खरं सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. रडली नाही. रडली असती तर मला जवळ घेता आलं असतं.

पुढचे चार दिवस ती घरी पडून होती. मोबाईल बंद करून टाकला होता. ओरल संपल्यावर अभ्यासाची सुट्टी लागते, त्यामुळे कोणी यायचाही प्रश्न नव्हता. तिचे वडील वळसंगहून आले, त्यांना तापाचं सांगितलं, ओरलचं सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "चल, सरांना भेटू. मी येते."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू?"

"व्हय. मी."

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद होता. बुधवारची तारीख, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दवाखान्यात होती, असं त्यात लिहिलं होतं. तो मी रुमालात गुंडाळून घेतला. बसमध्ये एकच वाक्य घोकत होते. 'सर, माझ्या मुलीची चूक नाही. कळवायचं काम माझं होतं, मी कळवलं नाही.' वीस-पंचवीस वेळा म्हटलं असेल. अंबू खिडकीतून बाहेर बघत होती.

त्या विषयाच्या सरांची केबिन दुसऱ्या मजल्यावर होती. सर तरुण होते, समोर वह्यांचा ढीग. अंबूला बघून म्हणाले, "ये ये. बरी आहेस का आता? त्या दिवशी चेहरा पार उतरला होता तुझा."

अंबू म्हणाली, "सर, ते ओरलचं..."

"ओरलचं काय? झाली की. चांगली झाली. जर्नल विसरून आलीस म्हणून एक्स्टर्नल सर जरा चिडले होते, मी म्हटलं मी तपासून सही केली आहे. आज आणलीस ना?"

अंबू उभीच होती. जर्नल तिच्या बॅगेत होती. बुधवारी ती माझ्या मांडीवर होती.

मग सर माझ्याकडं वळले आणि हसले. "तुम्ही आई ना? त्या घोंगडीवाल्या?"

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"अहो, एक्स्टर्नल सरांनी विचारलं, बीमवरचा लोड सपोर्टच्या जवळ सरकवला तर काय होईल, आणि का. सगळी मुलं फॉर्म्युला सांगतात. ही म्हणते, ओलं घोंगडं मेढीच्या अंगाला टाकलं तर काठी मोडत नाही, मधी टाकलं तर मोडते. सर एवढे खूश झाले! म्हणाले, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? तर म्हणते, अव्वानं सांगितलं, आत्ताच."

केबिनमध्ये पंखा बंद होता. थंडीच होती. तरी मला पंख्याचा आवाज येतोय असं वाटत राहिलं.

सरांनी एक यादी काढून अंबूपुढं धरली. एकेचाळीस नंबर. पुढं सही. अंबू सहीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. सही तिचीच होती. तिच्या सहीतला शेवटचा फराटा लांब जातो, तो खालच्या मुलाच्या नावावर गेला होता.

"सर," ती म्हणाली, "मी त्या दिवशी..."

सरांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. रुमाल उघडा होता. "काही द्यायचं होतं का? कसला कागद आहे?"

त्या एका क्षणात मला दिरांचा चहाचा कप दिसला. खाटेखाली ठेवलेला. तो कागद दिला की एकेचाळीस नंबर गैरहजर. नंतर कोणी काही ऐकून घेईल की नाही, ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

"माझा हाय," मी म्हटलं. "दवाखान्याचा कागद हाय. माझा."

आयुष्यात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसाच्या समोर त्याच्या केबिनमध्ये उभं राहून मी बोलले. घोकलेलं वाक्य राहिलं आणि हे निघालं.

"काळजी घ्या," सर म्हणाले.

खाली कॅन्टीनपाशी सना भेटली. लायब्ररीचं पुस्तक द्यायला आली होती. धावत आली आणि अंबूला मिठी मारली. मी तिला बाजूला घेतलं.

"सना, खरं सांग. रागवणार न्हाई मी. हिच्या जागी तू गेली हुतीस का?"

"मैं?" ती हसायलाच लागली. "काकू, ओरलला प्रॉक्सी? हजेरी हाय का ती? समोर बसवून विचारतेत! और सर अंबूला पैचानते. मी चाळीस नंबर, ही एकेचाळीस. मी बाहेर आले, ही आत गेली. नंतर वडा घेतला आमी. हिनं अर्धाच खाल्ला, बोली ताप हय."

"किती वाजले हुते?"

"साडेबारा, पावणेएक. का?"

"मग तू फोन का केला न्हाईस?"

सना माझ्याकडं बघत राहिली. तिला प्रश्नच कळला नाही. "फोन काय को करती, काकू? सामने तो थी."

बस स्टॉपवर अंबू म्हणाली, "मी वर जाऊन सांगते."

"काय सांगशील?"

"मी नव्हते म्हणून."

"मग कोण हुतं म्हणून विचारलं तर?"

तिनं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "अव्वा, मेढी म्हणजे काय?"

मी सांगितलं. घोंगडी, काठी, सासूचं बोलणं, सगळं सांगितलं. फक्त हे सांगितलं नाही, की हेच मी तिला बुधवारी खाटेपाशी बसून सांगितलं होतं. का सांगितलं नाही, मला माहीत नाही. तिनं नीट ऐकून घेतलं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. मग म्हणाली, "ते मार्क माझे न्हाईत."

"मग कुणाचे हाईत?" मी म्हटलं. बस आली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. नर्सबाईंना विचारलं, बुधवारी माझी मुलगी मध्ये उठली होती का? मी डुलकी घेतली असेन, पाणी प्यायला गेले असेन, तेवढ्यात?

"अहो बाई, सलाईन लावलेली पोरगी उठून कुठं जाईल?" त्या म्हणाल्या. "दोनदा बाटली मी बदलली. तुम्ही तर हात सोडला नाही तिचा. मी म्हटलं पण, जेवून या, तर नाही म्हणालात." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हाला बरं नाही का?"

इथं मला भीती वाटली असं लिहायला पाहिजे. वाचलेल्या अनुभवांत सगळ्यांना वाटते. मला वाटली नाही. आनंदही झाला नाही, मुलीचं वर्ष वाचलं तरी. हात अंगाखाली दबून झोपलं की जाग आल्यावर तो हात आपला नसतो. मुंग्या यायच्या आधी थोडा वेळ नुसतं लाकूड असतं. मी तशी होते. घरी आले, टॉवेलचा गठ्ठा ओढला आणि गाठी मारल्या. गाठी नीट बसत होत्या. मला वाटलं होतं मुंग्या येतील, मग दुखेल, मग बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

निकाल लागला. अंबू सगळ्या विषयांत पास. थोरले दीर आले, निकाल मोबाईलवर बघितला, चष्मा काढून परत बघितला. म्हणाले, "शिकू दे मग." अक्कलकोटच्या स्थळाला त्यांनीच नाही कळवलं. जाताना अंबूच्या डोक्यावर हात ठेवला. अंबू खाली बघत होती. मी भाकरी थापत होते.

पहिले काही महिने ती गप्प गप्प होती. संध्याकाळी येऊन सांगायची नाही. मीही विचारायची नाही. ती दारातून आत आली की माझी नजर आधी तिच्या डाव्या हातावर जायची. सलाईनच्या सुईची काळी खूण होती तिथं. हळूहळू ती फिकट झाली, मग गेली. नंतर बघण्यासारखं काही राहिलं नाही.

पण मुलं विसरतात, आणि विसरलेलं भरून काढतात. सना तो किस्सा सगळ्यांना सांगायची, तापातली ओरल म्हणून. कॉलेजमध्ये अंबूचं नावच घोंगडी पडलं. ट्रॅडिशनल डेला मुलींनी तिला खरीच घोंगडी पांघरायला लावली, फोटो काढले. ती परत हसायला लागली. परत चटणी चाटत सांगायला लागली, साईट व्हिजिट, कोणाचं कोणाशी जमलं, कोणत्या सरांना काय नाव ठेवलं. मागच्या वर्षी दोन ज्युनिअर मुली घरी जेवायला आल्या होत्या. त्यांना ती म्हणाली, "अगं, एकशे चार ताप हुता मला, तरी ओरल दिली! तुमी कशाला घाबरताय?"

मी ताटात भाकरी वाढत होते. वाढत राहिले.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात कॉलेजमध्ये नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या. रविवारी सकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. तिची पाठ माझ्याकडं होती. ती म्हणाली, "अव्वा, मुलाखतीत घोंगडीचं सांगू का? सगळ्यांना आवडतंय ते."

"सांग की."

"पण आधी तू एक खरं सांग." तिनं मान वळवली नाही. "त्या दिवशी मी गेले हुते का?"

माझे हात थांबले. खाली लूम चालू होते.

"मला काय बी आठवत न्हाई," ती म्हणाली. "जिन्याची पायरी आठवते आणि एकदम तुझं तोंड. सना म्हणते गेलीस. सर म्हणतेत गेलीस. सहीबी माझीच हाय. तू कधीच काय बोलली न्हाईस. आज विचारते. मी गेले नसंन तर उद्या जाऊन सांगणार हाय. वर्ष गेलं तर जाऊ दे. दुसऱ्याचं घेऊन मला नोकरीला जायचं न्हाई."

ती तसं करणारी मुलगी आहे. केबिनमध्ये तिनं तोंड उघडलं होतं, ते मी बघितलं होतं. आणि मी आवाज नसलेली बाई. माझ्या एका शब्दावर तिची चार वर्षं होती.

"गेली हुतीस," मी म्हटलं.

"दवाखाना?"

"सकाळी नेली, सुई टोचली, तू ऐकेनास. मीच रिक्षात बसवलं. दुपारी आलीस, मग सलाईन लावलं."

"मग ते घोंगडीचं?"

"रिक्षात बसवताना सांगितलं मी. आत्ताच सांगितलं म्हणालीस ना तू त्यांना? ते तेच."

मग तिचे खांदे सैल झाले. ते माझ्या गुडघ्यांना कळलं. "मला वाटलंच," ती म्हणाली. "तापात काय आठवणार माणसाला." उठली, केस बांधले, आणि फोनवर सनाला मोठ्यानं काहीतरी सांगत गच्चीवर गेली.

दुपारी डॉक्टर दवाखान्यात नसायचे, आणि त्या नर्सबाई आता इथं नाहीत, हैदराबादला मुलीकडं गेल्या. म्हणजे बुधवारी दुपारी साडेबारा वाजता त्या खाटेवर एक मुलगी पडून होती, हे सांगणारी मी एकटीच राहिले. परीक्षेला कोण गेलं होतं, मला माहीत नाही. विचारायला कोणाकडं गेले नाही, जाणारही नाही. परीक्षेच्या त्या खोलीत बसून कोणीतरी माझा शब्द न् शब्द ऐकत होतं, एवढंच मला कळतं, आणि ते कसं हे कळत नाही.

पण खाटेवर जी होती तिचा हात मी दिवसभर धरला होता. तो गरम होता. तिचे ओठ हलत होते. आणि ती त्या खाटेवर होती, हे आता तिला स्वतःलासुद्धा खरं वाटत नाही.